ओटीतले मोबाइल

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास एरंडोलजवळच्या त्या मंगल कार्यालयात सव्वाशे माणसं हातात परड्या घेऊन रांगेत उभी होती. प्रत्येक परडीत तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि मधोमध मोबाइल. ओटी तरंगेश्वरी देवीची होती. ही देवी कोणत्या पुराणातली, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. तिची रेंज चांगली आहे, एवढा अनुभव मात्र सगळ्यांना होता.

देवीचे भक्त म्हणजे यूट्यूबवर नवं चॅनेल काढलेली माणसं. कुणी ब्लाउजची कटिंग शिकवायचं, कुणी केळीच्या बागेतून शेतीचा सल्ला द्यायचं, कुणी नुसतंच बोलायचं. बोलणारे पुष्कळ होते, ऐकणारे मिळत नव्हते. ते मिळवून देण्याचं काम तरंगनाथ महाराज करत, गुरुवारी इथं, शनिवारी चोपड्याला आणि बाकीचे वार इतर गावांत.

महाराज पूर्वी पाणाड्या होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायचा. चोपडा तालुक्यात त्यांनी दाखवलेल्या जागी बरेच बोअर झाले. त्यातले कोरडे किती गेले, हे महाराज सांगत नसत, आणि ज्यांचे गेले ते लाजेनं सांगत नसत.

"पाणी काय आणि प्रेक्षक काय," महाराज माइकवर म्हणत होते, "दोन्ही आहेतच, पण खाली. वर आणणारा पाहिजे. देवळात गेल्यावर तुम्ही आधी काय वाजवता?"

"घंटा," सगळे म्हणाले.

"आणि चॅनेलवर काय दाबायला सांगता?"

"घंटा."

"आता मला सांगा, हे ऋषींना ठाऊक नव्हतं असं म्हणायचं का?"

असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"फोनचं कुलूप काढलंय ना सगळ्यांनी? कुलूपबंद ओटी देवी घेत नाही. घरातल्या देव्हाऱ्याला कुणी पासवर्ड लावतं का?"

लोकांनी पुन्हा एकदा आपापलं कुलूप काढल्याची खात्री केली. मग महाराजांनी परड्यांवरून नारळ फिरवला, तो उभा राहिला, आणि सेवेकऱ्यांनी फोन उचलून भगव्या पडद्यामागच्या तरंगगाभाऱ्यात नेले. पाऊण तास डोळे मिटून जप चालला, "वाढू दे, वाढू दे." फोन परत आले तेव्हा सगळ्यांचेच सबस्क्रायबर तीस-चाळीसनं वाढले होते.

दिपमालानं आपला आकडा पाहिला. तीनशे चौऱ्याहत्तरचे चारशे बारा झाले होते. तिनं फोन कपाळाला लावला.

दिपमाला खापरावरचे मांडे करायची. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत इतका पातळ करायचा, की पलीकडचं माणूस दिसावं. लग्नाकार्यात तिच्या हातच्या मांड्यांना मागणी होती. तिच्या मुलीला ही विद्या नको होती, सुनेची अजून वाट होती. म्हणून तिनं 'खापरावरची दिपमाला' हे चॅनेल काढलं. दोन महिन्यांत नऊ सबस्क्रायबर झाले. त्यातले चार सासरचे होते आणि दोन चुकून आलेले.

तेव्हा तिचा धाकटा भाऊ जितेंद्र धावून आला. तो महाराजांकडे सेवेकरी होता. "अक्का, तू अकरा गुरुवार कर," तो म्हणाला. "हजार झाले की पुढं तुला बघायलाच नको."

अकरा गुरुवारांचे नियम होते. दक्षिणा होतीच. रोज रात्री फोन चार्जिंगला लावून देव्हाऱ्यापुढं ठेवायचा आणि त्यावर महाराजांचं प्रवचन आवाज बंद करून सकाळपर्यंत चालू ठेवायचं. आणि सगळ्यात कडक नियम: हजार पूर्ण होईपर्यंत हातची कला विकायची नाही, विकली की तरंग तुटतो. दिपमालानं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांतल्या दोन लग्नांना नाही म्हणून कळवलं. त्यातलं एक घर पारोळ्याचं होतं, गेली अकरा वर्षं तिच्याच मांड्यांवर पंगत उठवणारं. त्यांनी दुसरी बाई ठरवली आणि ती बरी करते, असंही कानावर आलं.

"चारशे लोक बघतात आणि एकही खात नाही," तिचा नवरा तोताराम म्हणाला, "असा मांडा मी पहिल्यांदाच पाहतोय."

"तुम्हाला नाही कळणार त्यातलं."

"ते खरं आहे. मी नुसता खाणारा."

रविवारी सकाळी अकरा वाजता दिपमालानं थेट प्रक्षेपण ठेवलं. आठ दिवस आधीपासून तशी सूचना दिली होती. डाळ शिजवून वाटली, कणीक तिंबून तिंबून लोण्यासारखी केली, नवं लुगडं नेसली आणि फोनपुढं हात जोडले. "नमस्कार माझ्या चारशे बारा बहीणभावांनो."

पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र असतं. किती जण बघतायत, ते त्याच्यापुढं येतं. तिथं आकडा आला, दोन.

एक तोताराम होता, तिच्या समोरच पाटावर आपल्या फोनमध्ये बघत बसलेला. दुसरं कोण, ते कळेना. नेटवर्क अडकलं असेल असं म्हणून तिनं अकरा मांडे केले. चाळीस मिनिटांत एकच प्रश्न आला: "भाभी, पिठात मीठ किती?" तिनं तो चारशे जणांच्या वतीनं विचारला गेलाय असं समजून सविस्तर उत्तर दिलं.

सोमवारी ती बसस्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान खुशनुमाचं. बाप रेडिओ दुरुस्त करायचा, ती मोबाइल करते.

"खुशनुमा, फोन बिघडलाय. प्रेक्षक दाखवत नाही."

"फोन ठणठणीत आहे भाभी. काल दोनच होते. मीठ मीच विचारलं."

दिपमाला स्टुलावर बसली. "मग चारशे बारा?"

"तेच बघू." खुशनुमानं फोनमध्ये काहीतरी उघडलं. "भाभी, तुम्हाला बकऱ्यांचा शौक आहे का?"

"नाही."

"पॉवर टिलरचा? म्हशीचे केस कापायचा? मग ही चारशे चॅनेलं तुम्ही कशाला सबस्क्राइब केलीत?"

दिपमालानं यादी पाहिली. तिनं यातलं एकही चॅनेल कधी उघडलं नव्हतं. सगळ्यात वरचंच बकऱ्यांचं होतं, कुणा उखर्डू आबांचं, अमळनेरकडचं. खाली फोन नंबर दिला होता. खुशनुमानं तो लावला आणि आबांना त्यांच्या फोनमधली यादी नातीकडून वाचून घ्यायला लावली. नात वाचत गेली. ब्लाउज कटिंग, पॉवर टिलर, केळी, खापरावरची दिपमाला.

"हाई खापर काय शे व माय?" पलीकडून आबांनी विचारलं. "मी ते कधी पाह्यं नई."

"आबा, तुम्ही गुरुवारी महाराजांकडे जाता का?"

"जास ना. मन्हाबी चारशे व्हई गयात. बकऱ्या कोनी पाहत नई, ते येगळं."

खुशनुमानं फोन ठेवला. "हिशेब सरळ आहे भाभी. कुलूप काढलेले फोन पडद्यामागं जातात. तिथं याच्या फोनवरून त्याला सबस्क्राइब, त्याच्या फोनवरून याला, आणि इथल्या फोनवरून चोपड्याच्यांनाही. एका चॅनेलला पाच सेकंद, चाळीस चॅनेलं म्हणजे सव्वातीन मिनिटं. बारा सेवेकरी, माणशी दहा फोन. पाऊण तासात आरामात होतं, चहासुद्धा पिऊन होतो."

दिपमाला म्हणाली, "तसं असतं तर जितूला कळलं असतं. आणि जितूला कळलं असतं तर त्यानं मला नेलंच नसतं."

खुशनुमानं यावर वाद घातला नाही. "मग जितूभाऊंसाठीच एकदा तपासून बघू," एवढंच म्हणाली.

पुढच्या गुरुवारी दोघी रांगेत उभ्या राहिल्या. खुशनुमानं एका जुन्या फोनवर नवं चॅनेल काढलं होतं. नाव, 'काहीच नाही'. त्यावर एकच व्हिडिओ होता, कॅमेऱ्यावर अंगठा ठेवून घेतलेला दहा मिनिटांचा अंधार. दिपमालाचा नेहमीचा फोन नेहमीसारखाच परडीत गेला. फरक एवढाच, की फोनच्या पडद्यावर जे घडेल ते आणि आजूबाजूचा आवाज त्यात नोंदला जाईल, असं खुशनुमानं आधीच चालू करून ठेवलं होतं.

नारळ उभा राहिला. जप झाला. फोन परत आले. 'काहीच नाही'ला सदतीस सबस्क्रायबर मिळाले होते.

"तुमचं कशाचं आहे?" शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं.

"कशाचंच नाही," खुशनुमा म्हणाली.

"असंच असतं बघा. साधेपणाच चालतो."

दोघी कार्यालयाच्या मागं, हात धुवायच्या नळांपाशी गेल्या. दिपमालानं नोंद लावली. पडद्यावर कुणाचं तरी बोट फिरत होतं. आधी महाराजांच्या नव्या प्रवचनाला पसंती. मग एकेक नाव, त्यापुढचं बटण. नाव, बटण. नाव, बटण. मध्येच कुणीतरी म्हणालं, "पंखा वाढव रे." आणि मग तिला पाठ असलेला आवाज आला.

"हा अक्काचा. हिला आज पंचवीसच दे. हजारावर इतक्यात जायला नको, मग यायची थांबेल. तिचं बघून पाच-सहा बाया नव्यानं यायला लागल्यात."

"सख्खी बहीण ना रे तुझी?"

"म्हणून तर ती शंका घेत नाही."

कुणीतरी हसलं. बोट पुढच्या नावावर गेलं.

दिपमालानं नोंद थांबवली नाही. संपेपर्यंत ऐकली. मग पदरानं फोन पुसला आणि म्हणाली, "चल."

आत अनुभवकथन सुरू होतं. प्रसादाआधी चार भक्त माइकवर येऊन आपला आकडा सांगत. दिपमालानं हे तीनदा केलं होतं, त्यामुळं ती मंचावर चढली तेव्हा महाराजांनी स्वतःच तिच्या हाती माइक दिला. तिनं माइक फोनला लावला.

बटणाचा आवाज सगळ्या कार्यालयात घुमला. मग पंखा. मग जितेंद्र.

"यंत्रात मायेचा शिरकाव झाला आहे," महाराज म्हणाले, पण माइक त्यांच्याकडे नव्हता.

"माया-बिया काही नाही," दिपमाला म्हणाली. "आपल्याच फोनवरून एकमेकांची बटणं दाबलीत. ही खुशनुमा. हिच्या चॅनेलवर नुसता अंधार आहे, त्यालाही आज सदतीस मिळाले. प्रेक्षक फक्त महाराजांना आहेत, कारण आपण सगळे रात्रभर त्यांचं प्रवचन लावून झोपतो."

"मग माझे चारशे?" मागून कुणीतरी विचारलं.

"इथले इथंच बसलेत, उरलेले चोपड्याच्या रांगेत. बघून घ्या."

लोकांनी माना वळवल्या. ब्लाउज कटिंगनं पॉवर टिलरकडे पाहिलं, केळीनं म्हशीकडे. आपल्या प्रेक्षकांना सगळे पहिल्यांदाच बघत होते.

"इथल्या दुसऱ्या कुणाचा एक तरी व्हिडिओ ज्यानं पुरा पाहिला असेल, त्यानं हात वर करावा," दिपमाला म्हणाली.

हात वर झाला नाही. "मीही पाहिला नाही. आपल्याला बघणारे हवे होते आणि आपल्यातला एकही बघायला तयार नव्हता. याच्यावर नारळ काय करणार?"

महाराज मागच्या दारानं गेले. निम्मे लोक उठले, तिथल्या तिथं फोनला कुलूप घालू लागले. निम्मे बसून राहिले. "पण आकडा तर वाढतोय ना," असं दोघं-तिघं आपापसात म्हणत होते. पुढच्या शनिवारी चोपड्याला गर्दी थोडी कमी होती, असं म्हणतात, फार नाही.

जितेंद्र बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. खांद्यावरचं भगवं उपरणं त्यानं डिकीत कोंबलं होतं.

"अक्का, तू मला आधी विचारायचंस."

"तू सांगितलं असतंस?"

तो गाडीच्या आरशाकडे पाहत राहिला. "तुला बरं वाटत होतं गं. नऊच होते तेव्हा तू रडली होतीस. मला वाटलं, वाढताना दिसले की खूश होशील."

"आणि पाच-सहा बाया?"

त्यानं गाडीची किल्ली खिशात चाचपली.

"जितू, एक विचारते. माझा एखादा व्हिडिओ पाहिलास?"

"वेळ कुठं असतो अक्का. शे-सव्वाशे फोन असतात आमच्या हातात."

दिपमालानं मान हलवली, एखादा भाव पटल्यासारखी.

"आखाजीला घ्यायला येऊ ना?" त्यानं हळूच विचारलं. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात आणि भाऊ न्यायला येतो. लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं.

"नको येऊस. मी पारोळ्याला जाणार आहे. त्या घरी जाऊन, मी नकार का दिला होता, ते खरं खरं सांगणार आहे. काम देतील की नाही, त्यांची मर्जी. आईनं विचारलं तर मी का आले नाही, ते तू सांग. आणि तूही खरंच सांग."

तिनं खुशनुमाला हाक मारली आणि दोघी रिक्षाकडे गेल्या. रिक्षात तिनं फोनला कुलूप घातलं, यादी उघडली आणि एकेक नाव काढू लागली. उखर्डू आबांच्या बकऱ्यांपाशी थांबली, व्हिडिओ लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. बकऱ्या बऱ्या होत्या.

वाचकहो, नारळ कसा उभा राहतो, ते कोणताही पाणाड्या उतारवयात सांगतो. मनगट वळवलं की झालं. त्यात शिकण्यासारखं फार नाही. शिकायचं ते एवढंच, की आकडा वाढला तर तो कुणाचा, कसा आणि कुणाच्या हातून वाढला, हे विचारावं. महाराजांना विचारावं, आणि आपल्याला महाराजांकडे घेऊन गेलेल्या माणसालाही विचारावं, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. खरा असेल तर तो रागावणार नाही. रागावला, तर उत्तर मिळालं असं समजावं.