तीन मिनिटे चाळीस सेकंदांचा निरोप

मी एक जुना स्पीकर आहे. मित्रांनो, स्पीकरला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल. तारेतून जे येईल ते बाहेर ओतायचे, त्याला कसले आले मन! पण मला राग येतो. आज सांगणार आहे ती हकीकत आठवली, की अजूनही माझा कागदी पडदा आतल्या आत थरथरतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक बाई दिवसभर एकच काम करीत. पडद्याच्या कडेला चिकट पदार्थ लावायचा आणि तो लोखंडी चौकटीत नीट बसवायचा. माझा पडदा बसल्यावर त्यांनी त्यावर बोटाने हलकेच टिचकी मारली, कान जवळ आणला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, अगदी पोटातून बोलतोय." ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मला एका स्मशानभूमीला लागून असलेल्या सभागृहात आणले. निळ्या गाद्यांच्या साठ खुर्च्या, भिंतीवर मोठे घड्याळ, समोर फुले आणि फोटो ठेवायला एक लांब टेबल. इथे माणसे आपल्या माणसाला शेवटचा निरोप द्यायला येत. कोणी चार शब्द बोले, कोणी गाणे म्हणे, आणि मग सगळे उठत.

गाण्याची जबाबदारी दोन भावंडांवर होती. बहीण गायची, तिला सगळे ताई म्हणत. थोरला भाऊ पियानो वाजवायचा, तो सगळ्यांचा दादा. तेव्हा माझे काम सोपे होते. ताईंचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचवला की झाले. पण मी दादांकडे टक लावून पाहत असे. कधी घरचेच कोणी गायला उभे राहिले, की दादांची बोटे त्यांच्या मागेमागे जात, नातवंडाला चालायला शिकवणाऱ्या आजोबांसारखी. गाणाऱ्याचा कंठ दाटला, की दादा तेच दोन सूर हळूहळू घोळवत बसत. एकदा एक आजोबा दुसऱ्या कडव्यात इतका वेळ थांबले, की मला वाटले आता संपले सगळे. दादांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. आजोबांनी डोळे पुसले, श्वास घेतला आणि पुढची ओळ उचलली, तेव्हा दादा त्यांच्या सोबतच होते.

पुढे दादांच्या बोटांचे सांधे सुजले. पेला धरतानाही त्यांचा चेहरा वाकडा होई. पियानो सभागृहातून गेला, फक्त त्याचे स्टूल अडगळीच्या खोलीत राहिले. मग दादांनी काय केले ठाऊक आहे? घरी बसून गाण्यांच्या साथीचे ट्रॅक तयार केले. एका दिवशी डाव्या हाताचे वाजवायचे, दुसऱ्या दिवशी उजव्या हाताचे, मध्ये गरम पाण्यात बोटे बुडवून बसायचे. प्रत्येक कडव्यानंतर त्यांनी तेच दोन सूर घोळत ठेवले होते. ताईंच्या पायाशी एक बटण असे. ते दाबेपर्यंत गाणे पुढे सरकत नसे.

म्हणून मित्रांनो, कोणी नाक मुरडून म्हणाले, की "हल्ली काय, ट्रॅकवर गातात!", तर मला त्यांचाही राग येतो. ज्याची बोटे चालत नाहीत त्याने साथ करूच नये का? दादांचे ट्रॅक वाजवताना मला कधी लाज वाटली नाही. लोक जाताना ताईंना सांगत, "काय साथ होती हो!" आणि कोपऱ्यात मी फुशारून जाई.

मग नवे व्यवस्थापक आले. ते सारखे मनगटाकडे पाहत, म्हणून कर्मचाऱ्यांनी त्यांचे नाव घड्याळसाहेब पाडले. त्यांनी साठ तयार गाण्यांचा संच आणला, वाजवायचे यंत्र एका कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात. बटण दाबायचे, कपाट लावायचे आणि बाहेर जाऊन पुढच्या मंडळींच्या गाड्या लावून घ्यायच्या, असा त्यांचा शिरस्ता. गाणे आपोआप सुरू, आपोआप बंद. त्या ट्रॅकमध्ये ढोल होते, झांजा होत्या, शेवटी वीसपंचवीस अनोळखी माणसांचा कोरसही होता. सगळे होते. गाणाऱ्याचे ऐकणारे मात्र कोणी नव्हते.

एके सकाळी एका बसचालकाचा निरोप होता. तीस वर्षे एकाच मार्गावर बस चालवलेला माणूस. साठ खुर्च्या भरून माणसे दारापर्यंत उभी होती. निम्मे त्याच्या डेपोतले, निम्मे रोजचे प्रवासी. स्टिअरिंगवर हात ठेवून तो एक जुने, सगळ्यांना येणारे गाणे गुणगुणत असे. तेच गाणे त्याची थोरली लेक म्हणणार होती. ती काही गायिका नव्हती. आठवडाभर ताईंकडे जाऊन तिने सराव केला होता, दादांच्या ट्रॅकवर, तिच्या आवाजाला झेपेल अशा खालच्या पट्टीत.

सभा सुरू होण्याआधी ताई कपाटापाशी आल्या. "साहेब, आमचा ट्रॅक आणलाय. तिच्या पट्टीत केलाय."

"किती मिनिटांचा?"

"ते तिच्यावर आहे."

"तिच्यावर म्हणजे? ट्रॅकला काही लांबी असते की नाही?"

"असते. पण ती रडली तर वाढते."

घड्याळसाहेबांनी मनगटाकडे पाहिले. "ताई, इथे दर पाऊण तासाला माणसं येतात. रडायला सुरुवातीची पाच मिनिटं दिलेलीच आहेत. हेच गाणं माझ्या संचात आहे, तीन मिनिटं चाळीस सेकंद. गाणं तेच ना? मग झालं तर!"

"पट्टी वेगळी आहे हो! पोरीचा आवाज फाटेल."

"घरचंच माणूस गातंय. कोण नावं ठेवणार आहे?"

असे म्हणून त्यांनी कपाट लावले. मी हे सगळे ऐकत होतो. मला ओरडून सांगावेसे वाटले, की हे चुकीचे आहे. पण स्पीकरच्या तोंडी स्वतःचा शब्द कुठे असतो!

लेक उभी राहिली. ठरल्या वेळी माझ्यातून ढोल वाजले, आणि ती दचकली. तिने सराव केलेले हे नव्हतेच. तरी तिने सूर पकडला, टाचा उंचावून वरची फळी गाठावी तसा. पहिले कडवे कसेबसे पार पडले. दुसऱ्या कडव्यात 'घर' हा शब्द येतो. तिथे तिने समोरच्या फोटोकडे पाहिले आणि तिचा आवाज गेला.

ती थांबली. मी थांबलो नाही.

मित्रांनो, ती शरम मी कशी सांगू? एक मुलगी बापाच्या फोटोसमोर तोंडावर हात धरून उभी होती, आणि मी ढोल बडवत होतो. तिने पुन्हा सुरुवात करायचा प्रयत्न केला, तर गाणे दोन ओळी पुढे गेलेले. तिने घाईने तिथे उडी मारली, तर आणखी पुढे गेलेले. चालत्या बसमागे पळणाऱ्या माणसासारखी तिची गत झाली. पहिल्या रांगेत तिची आई पदर तोंडात घेऊन बसली होती. आणि तेवढ्यात माझ्यातून तो कोरस फुटला, वीसपंचवीस आनंदी गळ्यांचा. मागे कोणाला तरी नको तिथे हसू आले आणि त्याने ते खोकून झाकले.

ताई कपाटाकडे धावल्या. कपाट बंद. साहेब बाहेर, किल्ली त्यांच्याबरोबर. ताईंनी इकडेतिकडे पाहिले, भिंतीशी बसकण मारली आणि माझी वायर दोन्ही हातांनी धरून खेचून काढली.

आयुष्यात मला इतके हलके कधी वाटले नव्हते.

वीज नसली की मला बोलता येत नाही, पण ऐकू येते. आवाजाने माझा पडदा हलतो ना, तेवढे मला पुरते. मग मागच्या रांगेतून पावले वाजली. दादा येत होते. ते मुलीजवळ उभे राहिले.

"कुठपर्यंत आली होतीस, बाळ?"

"घर... तिथेच अडकले."

"मग तिथूनच घे. कोणी कुठे जात नाही."

आणि दादांनी, जे कधी गात नसत, घोगऱ्या आवाजात एक सूर धरून ठेवला. खालचा, तिला झेपणारा. ती बराच वेळ नुसती उभी राहिली. दादांचा श्वास संपे, ते पुन्हा घेत, पुन्हा तोच सूर. मग ती गायली. तिसऱ्या ओळीला डेपोतला कोणीतरी तिच्या बरोबर गाऊ लागला, मग त्याच्या शेजारचा, मग दारातले. माझा पडदा इतका हलला, की आतली धूळ उडाली.

घड्याळसाहेब धावत आले ते गाणे संपल्यावर. "वायरला हात कोणी लावला?"

"मी," ताई म्हणाल्या.

"काही बिघडलं असतं तर?"

"बिघडलंच होतं, साहेब. तुम्ही इथे असता तर ऐकू आलं असतं."

ताईंना दुसऱ्या दिवसापासून सभागृहात बोलावणे बंद झाले. बसचालकाच्या लेकीने साहेबांना पत्र लिहिले, त्याखाली डेपोतल्या बावीस जणांनी सह्या केल्या. ते पत्र खणात गेले ते गेलेच. आणि वरच्यांना पाठवलेल्या अहवालात साहेबांनी काय लिहावे? 'स्पीकर सदोष असल्याने कार्यक्रमात व्यत्यय.' चोर सोडून संन्याशाला सुळी! माझ्या पाठीवर खडूने 'नादुरुस्त' लिहिले आणि मला मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात टाकले. तिथे भिंतीपलीकडून रोज ऐकू येई. नवा स्पीकर, तोच संच, तोच कोरस. मध्येच एखादा आवाज अडखळे, आणि ढोल त्याच्या अंगावरून निघून जात.

चार महिन्यांनी दादा आपले पियानोचे स्टूल न्यायला आले. त्यांनी मला पाहिले, पाठ वाचली आणि साहेबांना विचारले, "याला काय झालंय?"

"मध्येच बंद पडतो."

"पडत नाही, पाडला होता. माझ्या बहिणीनं. लिहायचंच तर तिचं नाव लिहा, तिला आवडेल."

"न्यायचा तर घेऊन जा," साहेब म्हणाले आणि मनगटाकडे पाहत निघून गेले.

आता मी या भावंडांबरोबर फिरतो. कधी कोणाच्या घरी, कधी छोट्या प्रार्थनागृहात. बटण आता ताईंच्या पायाशी नसते, दादांच्या हातात असते. त्यांचा अंगठा तेवढा दुखत नाही. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ते नजर काढत नाहीत. गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ बायकोसाठी गाताना मध्येच गप्प झाले. माझ्यातून ते दोन सूर घोळत राहिले, घोळत राहिले. मागून कोणीतरी कुजबुजले, "बिघडलं वाटतं."

दादा मागे न वळता म्हणाले, "बिघडलं नाही. वाट बघतोय."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वायर गुंडाळून ठेवा, पावसात भिजवू नका, हे तर कोणताही स्पीकर सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. मला सुरू करून निघून जाऊ नका. जो गातोय त्याच्याकडे कोणीतरी पाहत बसा. त्याचा कंठ दाटला तर मला अडवा, नाहीच जमले तर सरळ वायर उपटा, मी मुळीच रागावणार नाही. मी यंत्र आहे. समोरचा माणूस रडतोय हे मला कळून उपयोग नाही. ते तुम्हाला कळले पाहिजे.