म्हणे, अख्खा ऐकला!

हॅलो! मालक नाही, फोनच बोलतोय. बोईसरच्या अक्षयचा फोन. जरा पाठीला हात लावून बघा, कसला तापलोय! चार्जरला दोष देऊ नका, आज मी खरंच भडकलोय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पहिली आठवण पालघरच्या दुकानातल्या खोक्याची. झाकण उघडलं आणि वर अक्षयचा चेहरा! एमआयडीसीतल्या कंपनीच्या ऑफिसात नुकताच लागला होता, पहिल्या पगारात मला घेतलं. काय जपायचा! दर पाच मिनिटांनी शर्टाने काच पुसायचा. मला वाटलं, नशीब काढलं आपण.

मग त्याला शिफारशींचं वेड लागलं. दर रविवारी नवापूर रस्त्यावरच्या टपरीवर यांची टोळी जमते. अक्षय, भावेश, रूपाली आणि कमलेश. चहा कटिंग, शिफारशी फुल्ल! "हा ब्राउझर टाक, जाहिराती गायब!" "तो नको रे, हा घे, बॅटरी खात नाही." अरे, बॅटरी माझी, मला विचारलं कोणी? सहा ब्राउझर कोंबलेत माझ्यात. आणि सहाहीमध्ये हा बघतो काय, तर क्रिकेटचा स्कोअर!

पॉडकास्टचं तर विचारूच नका. "हा ऐकाच, आयुष्य बदलेल!" असं हा सगळ्यांना सांगत सुटतो. याचं स्वतःचं का बदललं नाही, ते मला माहितेय ना. दोन मिनिटं ऐकतो, तीही दुप्पट वेगाने, की लगेच रील चालू.

इथवर मी सहन केलं. पण कमलेशच्या बाबतीत नाही.

कमलेश समुद्रकाठच्या घिवली गावचा, याच्याच कंपनीत पॅकिंगला. त्याने स्वतःचा पॉडकास्ट काढला. त्यात तो आपल्या आईला, बायडीमावशीला, मोबाईल शिकवतो. तेही घरात बोलतात तशा बोलीत. पहिला भाग टाकला आणि सगळ्यात आधी अक्षयला विचारलं, "खरं सांग हां. बरा नसंल तर म्होरचा नाय करत."

"अख्खा ऐकला! दोनदा!" अक्षय म्हणाला. "शेवट तर कडक!"

मी खिशात होतो. मिनिटभरसुद्धा ऐकला नव्हता याने! मला स्वतःचं तोंड असतं ना, तिथेच बोललो असतो.

आणि कमलेश बिचारा त्या एका शब्दावर दुसऱ्या भागाच्या तयारीला लागला.

गेल्या रविवारी भावेशने नवा स्पीकर आणला. "लाव रे कमलेशचं, सगळ्यांना ऐकू दे!" अक्षयने छाती फुगवून मला जोडलं आणि प्ले दाबलं. आता माझी एक सवय आहे. माणूस जिथे बंद करतो, तिथूनच मी पुढे चालू करतो. स्पीकरमधून आवाज आला, "...आन ही माजी आय, बायडी. आये, बोल ना, लाजते काय?"

"ही तर सुरुवात आहे," रूपाली म्हणाली.

कमलेश अक्षयकडे वळला. "याच्या म्होरं गेलासच नाय तू?"

"अरे, ते ॲपच गंडलंय..."

माझ्यावर ढकललं! माझ्यावर!

"बरं, शेवटी आय काय बोलली, तेवढं सांग."

अक्षय चहाच्या ग्लासात बघायला लागला.

"ऱ्हाऊ दे," कमलेश म्हणाला. "वाईट हाय बोलला असतास, तरी चाललं असतं रे."

चहा तसाच ठेवून तो गेला. संध्याकाळपर्यंत त्याने तो भाग सगळीकडून काढून टाकला. राहिली फक्त माझ्या पोटातली डाउनलोड केलेली प्रत.

आणि आज जेवणाच्या सुट्टीत हा महाशय सातवा ब्राउझर टाकायला बसला! जागाच नाही. मी विचारलं, काय पुसू? सगळ्यात वर आली बायडीमावशी. याचा अंगठा तिच्यावर. मी तापलो, अडकलो, स्क्रीन गोठवली, जे जमलं ते केलं. अंगठा थांबला. काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने इयरफोन घातले. आणि पहिल्यांदाच दुप्पट वेग बंद केला.

बायडीमावशी कमलेशला झापत होती, "मी ब्राउझर वारा बगाया उगडला, न यो मना साडी इकतो! जो मधी मधी बोलत नाय, तो ब्राउझर दे मना."

कंपनीच्या गेटबाहेर अक्षय एकटाच खो खो हसला. मग शेवट आला.

"आये, आपलं ह्ये ऐकंल कोन?"

"का? तुजा तो अक्षय हाय ना. तो ऐकंल."

संपलं. अक्षयचा डबा तसाच बंद.

मग या माणसाने काय करावं? ब्राउझर उघडला आणि शोधलं, 'मित्राची माफी कशी मागावी'. तिथलं पटलं नाही म्हणून दुसऱ्यात. आता तिसऱ्यात शोधतोय!

अरे गाढवा, मी फोन आहे, फोन! कमलेशचा नंबर माझ्याकडे आहे. बॅटरी पार तळाला गेलीय, तुझ्या त्या सहा जणांनी खाल्ली. एका कॉलपुरती मी कशीबशी राखून ठेवलीय.

लाव.