साबणाचं कपाट

आईने अडगळीच्या खोलीत चहाची मिश्रणं करायचं ठरवलं, तेव्हा डबे ठेवायला कपाट शोधून दिलं ते लेकीने. घरातलंच, पूर्वी साबण ठेवायचं. चहा कुठलाही वास ओढून घेतो, म्हणून तिने ते आठ दिवस उन्हात तापवलं होतं.

आज पहिली चव. उद्या दुकानदार नमुना न्यायला येणार. आईने तीन कपांत तीन मिश्रणं ओतली, फुर्रकन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साबण," ती म्हणाली. दुसरा कप. तोच वास. तिसराही तसाच. "सगळेच डबे वाया गेले गं."

लेकीने कपाटाकडे पाहिलं. सगळं तिच्याच कपाटामुळे. तिने धीर करून एका डब्याचं झाकण उघडलं आणि नाक खुपसलं. नुसता चहा. मग रिकामा कप हुंगला, तर लिंबाच्या साबणाचा घमघमाट.

"बाबा, हे कप कोणी घासले?"

"मीच," बाबा दारातून ऐटीत म्हणाले. "साबण लावून, चकाचक."

"अहो, चवीच्या कपांना नुसतं गरम पाणी लागतं," आईने कपाळावर हात मारला.

लेकीने कप उकळत्या पाण्याने तीनदा विसळले. आईने पुन्हा चहा ओतला, घोट घेतला आणि डोळे मिटले. लेक श्वास रोखून उभी.

"कपाट झकास निवडलंस हो," आई म्हणाली.

लेक तिथेच फरशीवर फतकल मारून बसली आणि खो-खो हसत सुटली.