मागच्या चाकांवरचं वजन

जयवंती कोंबड्या पाळते याचं देवासच्या कॉलनीत कुणाला फारसं कौतुक नव्हतं. कॉलनीतली बहुतेक मराठी कुटुंबं कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेली. तिचा नवरा शरदचंद्रही यंत्रांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात होता. जयवंतीनं मात्र गावाबाहेर शेड टाकली होती आणि जीपची पुढची बाजू अन् मागे उघडा हौदा असलेली एक जुनी पिकअप घेतली होती. इंदूरच्या बाजारात मोठ्या फार्मवाल्यांपुढे तिचा टिकाव लागत नसे, म्हणून ती अंडी थेट धार जिल्ह्याच्या टोकाला, डहीला पाठवायची. तिथे मूळच्या धारच्या सगुणाबाईंचं किराणा दुकान होतं. परत येताना गाडीत कोंबड्यांसाठी मका यायचा.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात असाच मका भरून येताना मागचा एक टायर फुटला. ड्रायव्हर उमाशंकरनं गाडी कशीबशी आवरली. बाकीचे टायरही झिजलेच होते, तेव्हा वाटेवरच्या धामनोदला भगवंतसेठच्या दुकानातून चार नवे घेतले. जुने सहा प्लायचे होते. हे आठ प्लायचे, जाड नक्षीचे, खडीच्या रस्त्याचे.

"अब पहाड़ भी लाद दो, भाभी," उमाशंकर म्हणाला.

टायर खरोखरच दणकट निघाले. पण पुढच्याच खेपेला सगुणाबाईंचा निरोप आला, की अंडी फुटून निम्मे ट्रे ओले आहेत. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. अंडी तीच, ट्रे तेच, रस्ता तोच, उमाशंकरही तोच. बदलले होते फक्त टायर.

"मजबूत टायरनं अंडी का फुटावीत?" जयवंतीनं जेवताना विचारलं.

"टायर टणक असेल तर खड्डा थेट हौद्यात पोचणार," शरदचंद्र म्हणाला.

"पण आठ प्लाय म्हणजे नक्की काय?"

"आठ थर असतील."

"तुम्ही मोजलेत?"

त्यानं मोजले नव्हते. रविवारी सकाळी दोघांनी फुटलेला सहा प्लायचा टायर अंगणात घेतला आणि शरदचंद्रनं करवतीनं त्याची एक फाक काढली. जयवंतीनं सुईच्या टोकानं धाग्यांचे थर सुटे केले. चारच निघाले. तिनं फाक उलटी करून पुन्हा मोजले. चारच.

"फसवलं की हो," शरदचंद्र म्हणाला.

जयवंतीला तसं वाटेना. बाजूवर सहा छापून आत चार घालणारी कंपनी इतकी वर्षं कशी चालेल? पुढच्या खेपेला ती फाक पिशवीत घालून स्वतःच गाडीत बसली.

भगवंतसेठनं फाक पाहिली आणि चहा मागवला. "ताई, हा आकडा ताकदीचा आहे, थरांचा नाही. पूर्वी आत सुती धागा असायचा, तेव्हा सहा म्हणजे सहाच. आता नायलॉन आलंय. चार थरांत सहाचं काम होतं. आकडा जुना राहिला."

"म्हणजे किती वजनाची ताकद?"

त्यानं भिंतीवरचा कंपनीचा तक्ता दाखवला. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला एका टायरनं पेलायचं वजन. हवा वाढेल तसं वजन वाढत होतं. सहा प्लायची ओळ लवकर संपत होती, आठ प्लायची पुढे जात होती. जयवंती बराच वेळ त्या तक्त्यापाशी उभी राहिली. म्हणजे टायर एकटा काहीच उचलत नव्हता. उचलत होती आतली हवा. टायरचं काम ती हवा धरून ठेवायचं.

"मग माझ्या एका चाकावर वजन किती येतं?"

"ते कोण मोजतं, ताई? आठ प्लाय घालायचे, हवा टाइट भरायची, बात खतम."

उमाशंकरनं मान डोलावली. तो तेच करत होता. अंडी असोत की मका, हवा पुरेपूर.

परतताना मक्यानं भरलेली गाडी जयवंतीनं देवासच्या धर्मकाट्यावर, ट्रक तोलायच्या काट्यावर, न्यायला लावली. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची. काट्यावरचा माणूस वैतागला. "पूरी गाड़ी चढ़ाओ ना, भिया," तो उमाशंकरला म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी नेली आणि पुन्हा तसंच केलं. यावेळी शरदचंद्रही सोबत होता. आकडे ऐकून तो थक्क झाला. मका भरल्यावर पुढच्या चाकांवर जेमतेम एका पोत्याचा भार वाढत होता. बाकीचा सगळा मागच्या दोघांवर. आणि अंड्यांना तर वजनच नव्हतं म्हणायचं.

"पुढे आठ प्लायची गरजच नाही," तो म्हणाला.

"आणि मागे आहे, पण फक्त येताना," जयवंती म्हणाली. "जाताना मागची हवा कमी ठेवायची."

उमाशंकरला ते पटलं नाही. "और मक्का भरके हवा कम रह गई तो?"

प्रश्न बरोबर होता. डहीला मका भरल्यावर हवा परत भरायलाच हवी होती. तिनं एक पायपंप आणि दाब बघायचा गेज घेतला. पहिल्यांदा उमाशंकरनं कुरकुरत पंप मारला. हवा कमी पडली की टायर तापतो, म्हणून वाटेत ती दोनदा उतरली आणि टायरवर तळहात ठेवून पाहिला. टायर नुसता कोमट होता. त्यानंही हात ठेवून पाहिला. पुढच्या खेपेपासून धामनोदला गाडी थांबली की तो आपणहून चारही टायरना हात लावू लागला.

भगवंतसेठनं पुढचे दोन टायर एका खाणवाल्याच्या जीपसाठी काढून घेतले आणि सहा प्लायचे बसवून दिले. जुना टायर फुटला तो हवा कमी होती म्हणून, झिजला होता म्हणून, की एखादा टोकदार दगड लागला म्हणून, हे जयवंतीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती अधूनमधून त्याचा विचार करत राहिली.

दिवाळीच्या आधीच्या खेपेला ती पुन्हा डहीला गेली. सगुणाबाईंनी एकेक ट्रे उन्हात धरून पाहिला. हौद्याच्या अगदी मागच्या कडेचे दोन ट्रे तेवढे ओले होते.

"एवढं चालायचंच, बाई," सगुणाबाई म्हणाल्या.

जयवंती गाडीखाली वाकून मागच्या चाकांवरच्या कमानीच्या पाट्यांकडे पाहत होती. ते एकावर एक किती आहेत, ते तिनं बोटानं मोजलं.

"भाभी," उमाशंकर म्हणाला, "अब कमानी मत खुलवाना."

"आज नाही," ती म्हणाली आणि आणखी थोडी खाली वाकली.