जुमाचा भाऊ

"आता नाही. परीक्षा झाल्यावर ये," फाटक न उघडताच इंदुताई इंग्रजीत म्हणाल्या.

बाहेर उभा होता तो खलाशी, जुमाचा थोरला भाऊ. बोट मुंबईला लागली म्हणून तो गाडीने पिंपरीला आला होता. त्याला इंग्रजी कळलं नाही, हाताची खूण मात्र कळली. आपल्या भाषेतलं एकच वाक्य तो दोनदा बोलला आणि स्टेशनकडे वळला.

"भाऊ हाय त्याचा, ताई. घटकाभर भेटू द्या की," स्वयंपाकीण मदिना कळवळून म्हणाली.

"आठवड्यावर परीक्षा आलीय. तू भाकऱ्या बघ. आणि जुमाला एक अक्षर सांगायचं नाही."

पिंपरीच्या त्या जुन्या बराकीत परदेशी मुलांना पुण्याच्या कॉलेजासाठी इंग्रजीत तयार करत. झांजिबारचा जुमा आला तेव्हा वर्गप्रमुख रंगराव हसले होते, "याची जीभ वळायची नाही." त्याला शिकवणाऱ्या इंदुताईंच्या अंगाची लाही झाली. कॉलेजातली त्यांची जागा स्वतःच्या मेहुण्याला देताना याच माणसाने समितीला सांगितलं होतं, "मोशी गावची बाई, जीभ खेडवळ." त्या दिवसापासून त्या धुमसत होत्या. जुमाला पहिला आणून त्यांना रंगरावांचं नाक कापायचं होतं. म्हणून त्याला ना सुटी, ना सण, ना स्वतःच्या भाषेत एक शब्द.

जुमा पहिला आला. सत्काराच्या समारंभात त्याला हार घालताना रंगरावांचा चेहरा पडला होता. "कोणी तयार केलं याला?" पाहुण्यांनी विचारलं.

"बाईंनी," रंगराव पुटपुटले.

"कोणत्या बाईंनी, सर? स्पष्ट उच्चारा," इंदुताई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"इंदुताई सस्ते यांनी."

ते नाव कानात साठवतच त्या वर्गात परतल्या. मागोमाग जुमा आला. निकाल लागल्यावर मदिनाला राहवलं नव्हतं; भाऊ येऊन गेल्याचं तिने त्याला सांगितलं होतं. बोट केव्हाच गेली होती.

"माझा भाऊ काय म्हणाला?" त्याने स्वच्छ इंग्रजीत विचारलं.

अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. पण कान तयार होता. "मामा... अनाकुंबुका."

"अनाकुकुंबुका," जुमाने दुरुस्त केलं.

"तुझ्या मामांचा निरोप होता?"

"आमच्यात मामा म्हणजे आई."

'तुझी आठवण काढते' हा पुढच्या शब्दाचा अर्थ मात्र त्याने त्यांना सांगितला नाही. तो बाकावर बसला. "भाऊ जसा म्हणाला, तसं म्हणून दाखवा."

इंदुताई अडखळत म्हणू लागल्या. जुमा डोळे मिटून ऐकत राहिला.