एक्केचाळीस किलो

"अडीच किलो," आकाराम म्हणाला. गाडीच्या दारातून नुकतंच सोडवलेलं काच वरखाली करायचं यंत्र त्याने तळहातावर तोलून धरलं होतं.

"तोंडानं समदीच सांगत्यात. काट्याला लावा आदी," सावलीतल्या खाटेवरून त्याची बायको विजयमाला म्हणाली.

त्याने यंत्र छताच्या हुकाला टांगलेल्या काट्याला अडकवलं. विजयमाला पुढे वाकली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि हसली. "दोन किलो चारशे. शंभर ग्राम चुकला. बावीस वर्सं फौजेत काय शिकीवलं ओ तुमाला?"

"हात तेलकट हाय. म्हणून जड लागलं."

"व्हय व्हय. तेलाचंच शंभर ग्राम भरलं आसंल."

हा त्यांचा दोन महिन्यांपासूनचा खेळ होता. फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर आकारामने पलूसला रस्त्याकडेला गॅरेज टाकलं होतं. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, जे येईल ते तो दुरुस्त करायचा. वस्तू हातात घेतली की वजन सांगायचं ही त्याची जुनी खोड. माणसं पैज लावायची आणि हरायची. शंभर-दोनशे ग्रामपलीकडे त्याचा हात कधी चुकला नव्हता, आणि याचा त्याला न बोलता भरपूर गर्व होता.

गाडी मात्र त्याच्या गॅरेजला न शोभणारी होती. दोन दारांची, लाल, पंचवीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स गाडी. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा विश्वजीत ती कुणाच्या तरी गोठ्यातून उचलून घेऊन आला होता. आत उंदरांची घरटी, तळाला गंज, इंजिन अडकलेलं. "काका, ही मला कोल्हापूरच्या ट्रॅकवर पळवायचीये," तो म्हणाला होता. "नऊशे वीस किलोची आहे. आठशेच्या खाली आणा. पळण्यासाठी जे लागत नाही ते सगळं काढून टाका."

आकारामने आधी इंजिन खोलून चालतं केलं, ब्रेक नवे केले, गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. मग काढायला सुरुवात केली. गालिचे गेले, रेडिओ गेला, हीटर गेला, जादा चाक गेलं. आवाज येऊ नये म्हणून तळाला चिकटवलेला डांबरी थर त्याने बर्फ टाकून कडक केला आणि छिन्नीने खरवडला. तोच एकटा अकरा किलो भरला. जड चाकं जाऊन हलकी चाकं आली. दर वेळी काट्यावर काहीतरी टांगलं जाई, विजयमाला आकडा वाची आणि आकाराम शीळ घाली. त्याला शीळ घालताना पलूसमध्ये आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

फक्त डावीकडची, ड्रायव्हरशेजारची सीट त्याने काढली नव्हती. गाडी तयार झाली की पहिली फेरी विजयमालाची, असा शब्द त्याने दिला होता. "मी बसली तर तुमची गाडी जड व्हईल की," ती म्हणाली होती. "होऊ दे," तो म्हणाला होता.

विजयमालाला पोटाचा कॅन्सर होता. मिरजेच्या दवाखान्यात उपचार झाले, मग थांबले. आता फक्त महिन्या-महिन्याने जायचं आणि वजन बघायचं. वजन टिकलं तर बरं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर आकाराम जगत होता. श्रावणात चव्वेचाळीसचे एक्केचाळीस झाले, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. ताटावर बसायचा, भाकरी कुस्करायचा आणि उठायचा. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरखाली काम करताना त्याला भोवळ आली आणि शेजारच्यांनी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

पण पुढच्या खेपेला एक्केचाळीसच भरले. त्याच्या पुढच्या खेपेलाही. आणि डिसेंबरमध्ये, गाडी जवळजवळ तयार असताना, ते तिसऱ्यांदा गेले.

मिरजेला एसटीतून उतरल्यावर विजयमालाने नेहमीप्रमाणे आपली कापडी पिशवी घट्ट धरली.

"दे हिकडं. धरतो मी."

"माजी पिशवी मीच धरणार."

"सोनं हाय व्हय आत?"

"हाय. तुमाला काय करायचं?"

हट्टी बाई, असं म्हणून त्याने सोडून दिलं. ती पायरी-पायरीला थांबत चढली. वर गेल्यावर नेहमीप्रमाणे आधी बाथरूमला गेली, बराच वेळ लावून आली आणि काट्यावर उभी राहिली. प्रियंका नावाची तरुण नर्स होती. तिने आकडा पाहिला, क्षणभर विजयमालाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक्केचाळीस."

"टिकलंय!" आकाराम इतक्या मोठ्याने म्हणाला की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. दवाखान्यासमोरच्या खानावळीत त्याने दोन ताटं मागवली, विजयमालाने तिच्या ताटातलं घासभर खाल्लं आणि उरलेलं त्याने चाटूनपुसून संपवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आसं काय बघतीस?"

"जेवताना बरं दिसताय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याला शिसं लागलं. चाकं समतोल फिरावीत म्हणून रिमला चिकटवतात ते शिशाचे तुकडे. वर्षानुवर्षं जुन्या चाकांची काढून तो एका डब्यात टाकायचा. डबा उचलला आणि हाताला लगेच कळलं, निम्म्याहून जास्त शिसं गेलंय.

"विजे, शिसं कुठं गेलं गं?"

"भंगारवाला आल्ता. दिलं त्याला."

"आगं, इचारायचं तर!"

"इसरले," ती म्हणाली आणि खाटेवर कूस वळून पडली. आजारी बाईवर शिशासाठी काय चिडायचं, असं म्हणत त्याने उरलेल्या तुकड्यांत काम भागवलं.

गुरुवारी विश्वजीत आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पोकळ दारावर टिचकी मारली, खूश झाला. मग आत डोकावला. "काका, ही सीट राहिली की."

"शेवटाला काढतो."

"चौदा किलो तरी असेल ती. आणि रविवारी ट्रॅक आहे."

"शनवारी कारखान्याच्या काट्यावर नेतो, मग काढतो. तुला कागद मिळंल."

विश्वजीतने खाटेवरच्या विजयमालाकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं. पोरगा समजूतदार होता. "चालेल," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळी विजयमालाने लेकीने पाठवलेली मोरपंखी साडी नेसली, केसांत अबोली माळली. गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली होती. वाकून आत शिरणं तिला जमेना. दोनदा प्रयत्न करून ती दाराला धरून धापा टाकत उभी राहिली.

"थांब," आकाराम म्हणाला. त्याने एक हात तिच्या पाठीमागे घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं.

उचललं आणि तो तसाच उभा राहिला.

पस्तीस. हातांनी त्याला न विचारताच सांगितलं. पस्तीस, फार तर अर्धा किलो इकडेतिकडे. त्याने तिला हातांत पुन्हा थोडं तोललं. आपण काय करतोय ते त्याचं त्यालाच कळलं. चार दिवसांत सहा किलो कुणाचं उतरत नाही.

"ठेवा की खाली," विजयमाला हसत म्हणाली. "कुटवर धरनार?" मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हसू थांबवलं.

त्याने तिला सीटवर ठेवलं. पट्टा लावला. फिरून उजवीकडे येऊन बसला, गाडी सुरू केली. आतलं सगळं अस्तर काढल्यामुळे रस्त्यावरचा खडा न् खडा तळाला वाजत होता. उसाच्या फडांमधून ते कारखान्याच्या रस्त्याला लागले.

"मिरजेचा काटा बिघाडलाय," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

"काटा चांगला हाय."

"मग?"

"शिसं," ती म्हणाली.

त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"परकराला आतनं खिसा शिवला हुता," समोर बघत ती सांगू लागली. "बाथरूमात जाऊन भरायची. पयल्या खेपंला किलोभर घाटलं. मग तीन. परवा सहा. लय जड हुतं ओ. त्या काट्यापतोर चालताना वाटायचं, आता पडती. न्हाई पडली."

"आगं पर का? का केलंस आसं?"

"तवा तुमी दोन दिस जेवला न्हाईसा. ट्रॅक्टरखालनं पाय धरून वडलं तुमाला. मी तर चाललीयाच. मला ठाव हाय, डाक्टरलाबी ठाव हाय. तुमालाच न्हवतं. मग म्हणलं, न्हाई कळलं तर काय बिघाडतंय?"

"डाक्टरला खोटं सांगितलंस?"

"त्या नर्सबाईला पयल्या खेपंलाच कळलं. मी हात जोडलं तिला. तोंडानं एक्केचाळीस म्हणती, फायलीत खरं लिवती. गुणाची पोरगी हाय."

आकाराम स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. फौजेत, गावात, बापाच्या मयतीतसुद्धा तो असा रडला नव्हता. तीन महिने आपण शीळ घालत होतो, आणि ही आपल्या डब्यातलं शिसं पिशवीत घालून पायऱ्या चढत होती. स्वतःच्या हाताचा एवढा गर्व, आणि याच हातांनी तिला एकदा उचलून बघावं असं तीन महिन्यांत वाटलं नाही. त्याला स्वतःचा मनापासून संताप आला.

विजयमालाने मधल्या खोबणीत पडलेलं फडकं त्याला दिलं. ते ग्रीसचं होतं. त्याने तोंड पुसलं आणि तोंडभर काळं झालं. तिला हसू आवरेना, आणि हसताना खोकला.

"ऐका," खोकला थांबल्यावर ती म्हणाली. "आता शिसं बास. म्होरल्या खेपंला खरं वजन करू. पर कायबी भरू दे, तुमी जेवायचं. माज्या म्होरं बसून. हाय कबूल?"

तो फडक्याची घडी घालत बसला.

"हाय का न्हाई?"

"हाय."

"मग पळवा की जरा. का ढकलत न्यायची हाय?"

त्याने पळवली. पुढचे दोन किलोमीटर, सरळ रस्त्यावर, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादी गाडी अशी पळवली. विजयमालाने एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने पदर, आणि लहान पोरीसारखी ओरडली.

कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते. काट्यावरचा दादासो हा आकारामच्या वर्गातला. त्याने लाल गाडीला आधी घेतलं. आकाराम उतरला.

"आरं, तोंडाला काय लावलंस?" दादासोने विचारलं. "वैनी, तुमीबी उतरा. रिकामी करायची गाडी."

"ती न्हाई उतरायची," आकाराम म्हणाला. "तिच्यासकट कर."

"बरं, आठशे वीस. वैनीचं किती वजा करू?"

आकारामने गाडीकडे पाहिलं. काच नसलेल्या खिडकीतून विजयमाला त्याच्याकडेच बघत होती.

"पस्तीस," तो म्हणाला.

मोठ्याने म्हटलं तेव्हा ते त्याला खरं वाटलं.

दुपारी त्याने डाव्या सीटचे चार बोल्ट काढले. रविवारी विश्वजीत गाडी घेऊन गेला; सीट मात्र त्याने नेली नाही, राहू द्या म्हणाला. आकारामने ती सावलीत चार विटांवर ठेवली. खाटेपेक्षा तिच्यात पाठीला आराम पडतो, असं विजयमाला म्हणायची.

जानेवारीत ते पुन्हा मिरजेला गेले. या वेळी पिशवी आकारामच्या हातात होती आणि तिच्यात पाण्याची बाटली आणि शाल एवढंच होतं. विजयमाला बाथरूमला न जाता सरळ काट्याकडे निघाली. आकारामने दंड धरून तिला वर चढवलं. प्रियंकाने आकडा पाहिला, मग दोघांकडे पाहिलं.

"सांगा बाई," विजयमाला म्हणाली. "त्यास्नी ठाव हाय."

"तेहतीस," प्रियंका म्हणाली.

समोरच्या खानावळीत त्याने एक ताट सांगितलं. विजयमाला त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसली, शाल गळ्यापर्यंत ओढून. ताट आलं. त्याने भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, तोंडात घातली. घास खाली जाईना. त्याने पाणी प्यायलं आणि तो खाली ढकलला. मग दुसरा. मग तिसरा. ती एकेक घास मोजल्यासारखी बघत होती.

"पिठलं चांगलं हाय का?" तिने विचारलं.

"हाय."

"मग घ्या की आजून."

ताटातलं शेवटचं शीत त्याने उचललं. मग वाढप्याला हाक मारली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.