एका अटीसाठी

माझ्या वाटेला कोणी फारसं जात नाही. विभागात माझा दरारा आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. सत्तावीस वर्षांत परदेशातून आलेल्या अकरा जणांकडून मी गणितात पीएचडी करून घेतली. ही बाराव्या विद्यार्थिनीची गोष्ट.

तिला आम्ही वहीवाली म्हणायचो. बाकीची मुलं लॅपटॉप घेऊन यायची, ही विटेएवढी जाड वही काखेत मारून. तिसऱ्या वर्षीच तिने एक प्रमेय सिद्ध केलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त ते एका अटीवर खरं होतं. मी म्हटलं, ही अट काढ, मग प्रबंध लिही. अट काढली की प्रमेय मोठं होतं, आणि आम्हा गणितवाल्यांना हा हव्यास सुटत नाही.

चौदा महिने ती त्या अटीशी झगडत होती. त्यातच एका कंपनीने तिला इंटर्नशिप देऊ केली. काम पटलं तर पुढे कायमची नोकरी. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. तोवर नोकरी हातात नसेल तर इथे राहायची परवानगीही संपणार. तिच्या गावी असलं काम करायला जागाच नव्हती, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

फॉर्मवर गाईडची सही हवी होती. तो माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिला. कंपनीत गेलं की गणिताची माती होते, असं माझं ठाम मत. आधी अट, मग सही, असं मी तिला सांगून टाकलं. घरी हे बोलले, तर नवरा भाजी निवडता निवडता म्हणाला, "सही केलीस तर पेन झिजेल का तुझं?" मी त्याला गप्प बसवलं.

मुदत टळली. कंपनीने दुसऱ्याला घेतलं. मार्चअखेर वहीवाली निरोप घ्यायला आली. सामानाचं वजन जास्त होतंय म्हणून वही माझ्या कपाटात ठेवून गेली. प्रबंध घरून पूर्ण करीन म्हणाली होती. तो काही आला नाही.

दीड वर्षाने एका अनोळखी माणसाचा तीन पानी पेपर वाचनात आला. त्यात एकच उदाहरण होतं, पण त्यातून स्पष्ट दिसत होतं की ती अट काढली की प्रमेय कोसळतं. म्हणजे पोरीचं काम पहिल्या दिवसापासून पूर्ण होतं, आणि मी तिला चौदा महिने नसलेली वाट शोधायला लावली.

मी वही काढली. शेवटाकडच्या एका पानावर तेच उदाहरण होतं, तिच्या बारीक अक्षरात, दोनदा तपासलेलं. तारीख फॉर्मच्या मुदतीच्या आठ दिवस आधीची.

आधी मला रागच आला. मग सांगितलं का नाही हिने? तोंड शिवलं होतं का? खाली दोन ओळी तिच्या भाषेत होत्या. विभागात तिच्याच देशाची एक नवी मुलगी आली आहे. तिला बोलावलं आणि म्हटलं, वाच. ती वाचून चाचरली. मी दटावल्यावर बोलली.

"लिहिलंय, आज मॅडमना दाखवलं. त्या फोनवर होत्या. पानाकडे न बघता म्हणाल्या, होत नाही म्हणणं सोपं असतं, पुन्हा प्रयत्न कर."

वाक्य माझंच आहे, किती जणांना ऐकवलंय. आणि माझ्यापुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायची कोणाची टाप होती? तीही उघडू शकली नाही.

आता तिला पत्र लिहायला बसलेय. तुझं बरोबर होतं, हे लिहिलं. माझं चुकलं, हेही लिहिलं, आणि लिहिताना रडू आलं. पण तू वही घेऊन माझ्यासमोर उभी होतीस तो दिवस मला आठवतही नाही, हे कसं लिहावं ते कळत नाही.